एक घोट थांबा

प्रश्न विचारून गप्प बसणं ताईंना जन्मात जमलं नव्हतं. "इथे कोण कोण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आंघोळ घालतं?" असं विचारलं की समोरच्याचा हात खांद्यापर्यंत यायच्या आत त्या स्वतःच म्हणायच्या, "बऱ्याच जणांना घालावी लागते, बरोबर? तेव्हा अडचण काय येते? पाय घसरतो, बरोबर? मग आपण काय करायचं?" आणि काय करायचं तेही त्याच सांगून मोकळ्या व्हायच्या. तास संपला की लोक खूश होऊन घरी जायचे, कारण कुणालाच तोंड उघडावं लागलेलं नसायचं.

वर्ग होता घरातल्या वृद्धांची काळजी घेणाऱ्यांसाठी. जागा म्हणजे वाचनालयाच्या वरचा हॉल, जिना अरुंद, पंखा एकच. वर्गात व्याख्यान नको, चर्चा आणि प्रश्नोत्तरं हवीत, असं संस्थेने मुद्दाम ठरवलेलं होतं. पर्यवेक्षक बाई एकदा मागच्या रांगेत बसून तासभर ऐकून गेल्या आणि जाताना जिन्यात म्हणाल्या, "चर्चेचा वर्ग आहे ना हा? मग तुम्ही एकट्याच कशा काय चर्चा करता?"

ताईंचं तोंड एवढंसं झालं. पर्यवेक्षक बाई बोलायला तिखट, पण मनाने वाईट नव्हत्या. उपायही त्यांनीच सांगितला. शेजारी पाण्याची बाटली ठेवायची. प्रश्न विचारला की एक घोट घ्यायचा, तो गिळायचा नाही, तोंडात धरून ठेवायचा. समोरून कुणी बोलायला लागलं की मगच गिळायचा. तोंडात पाणी असताना बोलून दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

ताईंनी उपाय मनापासून केला. पहिल्या दिवशी दोनदा ठसका लागला आणि एकदा नको तिथे उत्तर सुचल्यामुळे समोरच्या बाकावरची शिंपीणबाई भिजली. पण काय सांगावं, लोक बोलायला लागले! गाल फुगवून डोळे वटारलेल्या ताईंकडे बघून सगळ्यांना त्यांची दयाच यायची, कुणीतरी लवकर बोलून यांना सोडवावं असं वाटायचं. शिंपीणबाईने सासूच्या औषधांचं सांगितलं. टॅक्सीवाल्याने आईला घरातच वाट सापडत नाही ते सांगितलं आणि सांगता सांगता रडला. बेकरीवाला, जो पहाटेपासून भट्टीपुढे उभा राहून आलेला असल्यामुळे वर्गात हमखास पेंगायचा, तोसुद्धा जागा होऊन काकांच्या कवळीवर दोन शब्द बोलला.

मग काय, ताईंना स्फुरण चढलं. त्यांनी स्वतःच्या डोक्याने नवीन पद्धत काढली. वर्गाच्या मधोमध एक खुर्ची. ज्याला घरची अडचण सांगायची त्याने तिच्यावर बसायचं. तो बोलत असताना कुणी मध्ये बोलायचं नाही. त्याचं झालं की इतरांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. ताईंनीही स्वतःचं मत सांगायचं नाही. शेवटी समोर दुसरी खुर्ची मांडायची आणि वर्गातल्या कुणीतरी त्या अडचणीतला गैरहजर माणूस होऊन तिच्यावर बसायचं, म्हणजे सासूबाईंची बाजू सासूबाई नसतानाही ऐकली जायची. उठण्याआधी त्या गैरहजर माणसाने समोरच्याला एक प्रश्न विचारायचा. फळ्यावर वरच्या बाजूला ताईंनी ठळक अक्षरात लिहून ठेवलं होतं: ठरवू नका, विचारा.

हे झालं वर्गाचं. घरी बाटली नव्हती.

घरी ताई आणि त्यांचे बाबा, दोघंच. बाबांनी सगळी नोकरी बंदरातल्या क्रेनच्या केबिनमध्ये काढली होती, उंचावर, एकट्याने. खाली उभा असलेला माणूस हाताने खुणा करणार आणि बाबा त्याप्रमाणे माल उचलणार, फिरवणार, ठेवणार. तिथे ओरडून काही उपयोग नसे, वरचं खाली आणि खालचं वर ऐकूच जात नसे. त्यामुळे बोलायची सवय त्यांना लागली नाही ती नाहीच. निवृत्त झाल्यावरही ते घरात खुणाच करायचे. बोट वर म्हणजे आणखी वाढ. तळवा जमिनीकडे करून हात आडवा फिरवला म्हणजे थांब. आई होती तोवर तिला त्या सगळ्या पाठ होत्या. ताईंनी त्या कधी शिकून घेतल्या नाहीत, कारण जेवताना त्यांचं लक्ष बाबांकडे नसून स्वतःच्या बोलण्याकडे असायचं.

मध्यंतरी एक दिवस ताई कामावरून घरी आल्या तर घरभर धूर आणि बाबा मोरीत बसून कोळशासारखं काळं झालेलं दुधाचं पातेलं घासतायत.

"बाबा! हे काय झालं? विसरलात ना? गॅस चालू ठेवून विसरलात! किती वेळा सांगते मी तुम्हाला?"

"अगं, ते—" बाबा म्हणाले.

"राहू दे, नका सांगू. लागलं नाही ना कुठे? नाही ना? देवाची कृपा."

आणि ताई खरोखरच घाबरल्या होत्या, हे त्यांच्याविषयी सांगायलाच हवं. त्यांना त्यानंतर एक रात्रही धड झोप लागली नाही. डोळे मिटले की ते पातेलं दिसायचं. त्याच दिवशी त्यांनी परगावी असलेल्या दादाला फोन केला आणि बहीणभावांनी मिळून ठरवून टाकलं: बाबांनी आता दादाकडे राहायचं. तिथे घर मोठं, दिवसभर कुणी ना कुणी घरात. येत्या रविवारी दादा गाडी घेऊन येणार होता. तोवर खबरदारी म्हणून ताईंनी शेगडीची दोन्ही बटणं उपटून पर्समध्ये टाकली. रोज कामाला जाताना पर्स खांद्यावर आणि बटणं पर्समध्ये. बाबांसाठी सकाळचा चहा थर्मासमध्ये भरून ठेवलेला असायचा. तो ते प्यायचे, पण औषध प्यायल्यासारखा चेहरा करून.

"बाबांना विचारलंस ना?" दादाने फोनवर विचारलं होतं.

"विचारलं की," ताई म्हणाल्या. ते खोटं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, "बाबा, जाल ना दादाकडे? तुम्हालाही बदल हवाच आहे, हो ना? मग झालं तर." बॅग भरूनही झाली होती. दाराशी उभी करून ठेवलेल्या त्या बॅगेला वळसा घालून बाबा रोज फिरायला जायचे.

त्याच आठवड्यात जेवताना ताई वर्गातल्या खुर्चीचं कौतुक सांगत होत्या. बाबांनी घास हातातच ठेवला.

"तिथे मध्ये कुणी बोलत नाही?"

"नियमच आहे, बाबा."

"तू पण नाही?"

"मी पण नाही! मी तर तोंडात पाणीच धरून असते."

बाबांनी हातातला घास पानात ठेवला. मग म्हणाले, "मला येता येईल?"

"तुम्ही कशाला, बाबा? तुम्हाला कंटाळा येईल. शिवाय तो जिना बघा, डावा गुडघा धरेल. आणि एका घरातली दोन माणसं एका वर्गात नकोत असा माझाच नियम आहे. मागे एक सासू-सून एकदम आल्या होत्या, तेव्हा डस्टर फेकून मारण्यापर्यंत पाळी आली होती." आणि त्या डस्टरच्या हकिकतीत बाबांचा प्रश्न कुठल्या कुठे गेला.

शुक्रवारी पर्यवेक्षक बाई पुन्हा येणार होत्या. खुर्चीची पद्धत त्यांच्या कानावर गेली होती आणि पटली तर ती संस्थेच्या सगळ्या केंद्रांवर सुरू करायचा विचार होता. ताईंनी दोन बाटल्या भरून आणल्या. ते तीन शब्द सोडून फळा दोनदा पुसला. पर्यवेक्षक बाई मागे जाऊन बसल्या, चष्मा साखळीवरून उचलून नाकावर ठेवला, आणि नेमक्या त्याच वेळी दारात बाबा उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, जिना चढून आल्यामुळे थोडी धाप लागलेली.

"आत येऊ का, बाई?"

बाई! ताईंनी बाटली जवळ ओढली. 'हे माझे बाबा' असं म्हणावं तर नियम मोडतो, आणि तोही पर्यवेक्षक बाईंच्या देखत. 'घरी जा' म्हणावं तर खाली पाटीवर 'प्रवेश सर्वांना खुला' असं त्यांनीच लिहिलेलं. विचार करायला वेळ मिळावा म्हणून त्यांनी बाटली तोंडाला लावली, आणि तोंडात पाणी असल्यामुळे काहीच बोलता आलं नाही. तेवढ्यात शिंपीणबाईने सरकून जागा करून दिलीसुद्धा.

"या काका, बसा. नवीन दिसता. तुम्ही कुणाची काळजी घेता?"

"एका म्हाताऱ्याची."

"कोण लागतो तुमचा?"

"मीच."

वर्ग हसला. टॅक्सीवाला म्हणाला, "हे बरं आहे, काका. बाहेरचा माणूस शोधायला नको."

"हो ना. पण आमच्या मुलीला वाटतं ती घेते." बाबांनी मधल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "त्या खुर्चीवर कुणीही बसलं तर चालतं?"

ताईंनी पाणी गिळलं. "आज खरं म्हणजे शिंपीणबाईंची पाळी आहे, त्यांना पुष्कळच सांगायचंय, आणि काका आजच आलेत तर त्यांनी आधी नुसतं ऐकावं, म्हणजे त्यांनाही—"

"माझं काय, सासू पुढच्या आठवड्यातही आहे," शिंपीणबाई म्हणाली. "बसा, काका."

बाबा खुर्चीवर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. मग बोलायला लागले, आणि ताईंनी त्यांना सलग इतकं बोलताना आजवर कधी ऐकलं नव्हतं.

"नाव घ्यायचं नसतं म्हणे इथे. तर एक मुलगी आहे. स्वभावाने चांगली आहे, हे आधीच सांगतो, नंतर राहून जाईल. बाप तिच्याकडे असतो. बापाच्या हातून एक दिवस दूध जळालं. तर तिने शेगडीची बटणं काढली. रोज पर्समध्ये घालून कामाला घेऊन जाते."

"अगं बाई!" शिंपीणबाई म्हणाली, आणि नियम आठवून तिने तोंडावर हात ठेवला.

ताईंनी मांडीवरची पर्स हळूच खुर्चीखाली सरकवली. आत खडखड झालं.

"आता बापाने चहा करायचा नाही. थर्मासचा प्यायचा. ठीक आहे, प्यायला. पण रविवारी मुलगा येतोय आणि बापाला त्याच्या घरी घेऊन जाणार. कायमचं. बॅग भरलीये. बापाला तिकडे जायचंय का, हे अजून कुणी विचारलेलं नाही. म्हणजे विचारलं. पण प्रश्न तिचा आणि उत्तरही तिचंच होतं. झालं माझं."

पर्यवेक्षक बाई पुढे वाकून ऐकत होत्या. ताईंचे कान गरम झाले होते. पुढची पायरी त्यांनाच जाहीर करायची होती. "आता... फक्त प्रश्न," असं त्या कशाबशा म्हणाल्या आणि भलामोठा घोट घेतला.

"ती मुलगी शिकलेली आहे का हो?" शिंपीणबाईने सुरुवात केली.

"पुष्कळ."

"मग तिला एवढी साधी गोष्ट कळू नये?"

हा प्रश्न नसून टोमणा आहे, हे ताईंनी हातवारे करून सांगायचा प्रयत्न केला. कुणाचं लक्ष नव्हतं.

"ती घरी नेहमीच अशी बोलते?" टॅक्सीवाला.

"झोपेत नाही."

"तुम्ही तिला ठणकावून सांगत का नाही?"

"वाट बघतो. तिचं बोलणं संपलं की सांगू म्हणून."

लोक पोट धरून हसत होते आणि ताई गाल फुगवून बसल्या होत्या. आपण इतक्या वाईट आहोत? बाबांनी असं चारचौघांत सांगावं? राग येत होता, आणि रागाच्या खाली दुसरंच काहीतरी दाटून येत होतं. पण ते बाहेर काढायला तोंड मोकळं नव्हतं.

तेवढ्यात बेकरीवाला जागा झाला. अर्धी गोष्ट त्याने झोपेत ऐकली होती, पण काहीतरी जळाल्याचं तेवढं त्याच्या कानांनी पक्कं पकडलं होतं.

"दूध जळालं तेव्हा तुम्ही कुठे होता, काका? आमच्याकडे ट्रे करपला की आम्ही आधी तेच विचारतो."

"बाहेरच्या खोलीत. फोनवर."

"कुणाचा फोन?"

"मुलीचा."

"मुलीचा? काय म्हणत होती?"

बाबांनी जरा ताईंकडे पाहिलं, जरा छताकडे. "गॅस नीट बंद करत जा, म्हणून सांगत होती."

एक क्षण कुणालाच काही कळलं नाही. मग टॅक्सीवाल्याने कपाळावर हात मारून घेतला आणि सगळा हॉल हसत सुटला. शिंपीणबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पर्यवेक्षक बाईंचा चष्मा नाकावरून घसरून साखळीला लटकला.

"अहो, मग तिला सांगायचं ना, दूध गॅसवर आहे म्हणून!" बेकरीवाला कळवळून म्हणाला.

"सांगणार होतो. ती म्हणाली, बाबा, मध्ये बोलू नका, आधी पूर्ण ऐकून घ्या. मग ऐकलं. आधी गॅस झाला, मग रेग्युलेटर, मग रबरी नळी कधी बदलायची ते, मग कुठल्यातरी ओळखीच्यांच्या घरी काय झालं ते. मोबाइल चार्जिंगला होता, वायर आखूड, धरून उठता येईना. मी हात पण केला." बाबांनी तळवा जमिनीकडे करून हात आडवा फिरवून दाखवला. "थांब म्हणून. बंदरात ही खूण कुणीही केली तरी थांबावंच लागतं. पण फोनवर दिसत नाही ना."

ताईंच्या तोंडातलं पाणी कधी गिळलं गेलं ते त्यांना कळलं नाही. त्यांना तो फोन आठवला. त्या दिवशी त्यांनी वर्गात आगीच्या धोक्यांवर तास घेतला होता, आणि तो इतका चांगला झाला होता की राहवेना म्हणून घरी यायला निघता निघता फोनवर बाबांनाही तो पुन्हा सगळा ऐकवला होता. शेवटी 'कळलं ना, बाबा?' असं विचारून, 'कळलं असेलच' असं म्हणून, समाधानाने फोन ठेवला होता.

"आता गैरहजर माणसाची खुर्ची," पर्यवेक्षक बाईच मागून म्हणाल्या. त्या आता चांगल्याच रंगात आल्या होत्या. "मुलगी कोण होणार?"

"ताई!" शिंपीणबाई ओरडली. "दर वेळी आम्हालाच बसवता. मला सासू केलं, या बेकरीवाल्याला काकू केलं. आज तुम्ही बसा."

सगळ्यांनी बाकं वाजवली. सुटका नव्हती. ताई उठल्या आणि बाबांच्या समोरच्या खुर्चीवर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, जाऊन बसल्या. सवयीने पर्सही बरोबर आली.

"बाबा," त्यांनी सुरुवात केली, "मी जे करते ते तुमच्या काळजीपोटीच करते ना? तुम्हाला कळत नाही का? कळतंच तुम्हाला. मी दिवसभर बाहेर, माझा जीव टांगणीला. तुम्हाला काही झालं तर? म्हणून—"

"छे, छे," शिंपीणबाई म्हणाली. "ताई, फार खोटं वाटतंय. कुठली मुलगी बापाशी असं भाषण केल्यासारखं बोलेल? जरा खरं करा."

"नाही, नाही," बाबा घाईघाईने म्हणाले. "अगदी अशीच बोलते. हुबेहूब."

"तरी जरा हातवारे कमी करा," टॅक्सीवाल्याने सुचवलं.

ताई चिडल्या. "मग कसं बोलू? घरी आले तर घरभर धूर! मला काय वाटलं असेल? आणि हे डावा गुडघा धरून मोरीत पातेलं घासत बसलेले! उठता येत नव्हतं, हाताला धरून उठवलं मी! त्या दिवसापासून डोळ्याला डोळा नाही माझ्या. आई गेल्यावर माझं दुसरं कोण आहे घरात? तुम्हाला दादाकडे पाठवून मला काय आनंद होणार आहे? रिकाम्या घरात येऊन मी कुणाशी बोलणार आहे?"

आता कुणी हसलं नाही.

"गुडघ्याचं काकांनी सांगितलं नव्हतं," बेकरीवाला हळूच म्हणाला.

"आई गेल्याचंही नाही," टॅक्सीवाला म्हणाला.

शिंपीणबाईने ताईंच्या नाकाकडे पाहिलं, मग बाबांच्या नाकाकडे पाहिलं, आणि मगाचे आपले टोमणे आठवून तिने पदर तोंडाशी धरला. ताईंनी पर्स उघडली. रुमाल शोधायला उघडली होती, पण हाताला आधी ती दोन बटणंच लागली. त्यांनी ती बाहेर काढून बाबांच्या हातावर ठेवली.

"चिमे," बाबा म्हणाले, "रुमाल माझ्याकडे आहे." आणि त्यांनी स्वतःच्या खिशातला रुमाल काढून दिला.

पर्यवेक्षक बाई उभ्या राहिल्या होत्या. नियम मोडला, आता काय होणार, असं सगळ्यांच्याच तोंडावर होतं. त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला आणि म्हणाल्या, "खुर्ची अजून संपलेली नाही. गैरहजर माणसाने शेवटी एक प्रश्न विचारायचा असतो ना? तुमचीच पद्धत आहे. विचारा."

ताईंनी डोळे पुसले. प्रश्न त्यांना माहीत होता. फळ्यावरच्या त्या तीन शब्दांखाली उभं राहून तो त्यांनी इतरांना किती वेळा विचारायला लावला होता. घरी एकदाही नाही.

"बाबा, तुम्हाला काय हवंय?"

आणि लगेच पुढचं वाक्य जिभेवर आलंच: तुम्हाला इथेच राहायचं असेल, हो ना? त्यांनी बाटलीकडे हात नेला. बाटली रिकामी होती. दुसरी टेबलावर, लांब. "तुम्हाला—" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

बाबांनी तळवा जमिनीकडे केला आणि हात आडवा फिरवला.

ताई थांबल्या. पाण्याशिवाय, नुसत्या ओठ मिटून. बाबांना सवय नव्हती, त्यामुळे त्यांना फार वेळ लागला. ते बटणं या हातातून त्या हातात करत राहिले. बेकरीवाल्याला पुन्हा झोप येते की काय असं वाटायला लागलं, पण तोही डोळे ताणून बसला होता.

"खरं सांगू का," बाबा शेवटी म्हणाले, "एवढं कुणी विचारेल असं धरून मी आलोच नव्हतो. नुसतं सांगायचं आणि घरी जायचं, असं होतं." पुन्हा ते थांबले, आणि ताई पुन्हा थांबल्या. "मला दादाकडे जायचं नाही. त्याच्यावर राग नाही. पण तिथे सगळे माझी काळजी घेणार, आणि मी कुणाची घेणार? इथे तू दमून येतेस. तुझा पण सकाळचा चहा मी करणार. तू करतेस त्याला काही चव नसते."

"नसते?" ताई म्हणाल्या.

"नाही."

"कधी बोलला नाहीत."

बाबांनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, आणि ताईंना हसू आलं आणि रडूही.

रविवारी दादा आला तेव्हा बाबा स्वयंपाकघरात होते. शेगडीला बटणं होती, पातेल्यात चहा उकळत होता, मोबाइल बाहेर चार्जिंगला होता आणि तो वाजला तरी उचलायचा नाही असं त्यांनी जाहीर केलेलं होतं. ताई टेबलाशी ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. दादाशी बाबांनीच बोलायचं, असं दोघांचं ठरलेलं होतं आणि ते पाळताना ताईंच्या नाकी नऊ येत होते.

दादाने दाराशी बूट काढले आणि इकडेतिकडे पाहिलं.

"बॅग कुठाय? निघायचं ना, बाबा? ऊन व्हायच्या आत पोहोचू. तुमची खोली तयार आहे, तुमच्या सुनेने पडदेसुद्धा बदललेत. बरं वाटेल ना तुम्हाला तिकडे? वाटेलच! इथे काय, दिवसभर एकटेच—"

ताईंनी कपाळाला हात लावला. हा बोलण्याचा गुण घराण्यातच कुठून आला होता कोण जाणे, बाबांकडून नक्कीच नव्हता.

बाबा बाहेर आले. त्यांच्या हातात चहाऐवजी पाण्याचा पेला होता. तो त्यांनी मुलाच्या हातात दिला.

"लांबून आलायस. आधी एक घोट घे."

दादाने घोट घेतला.

"गिळू नकोस," बाबा म्हणाले. "तोंडात धर."

दादा गाल फुगवून आधी बाबांकडे, मग बहिणीकडे बघायला लागला. बहीण खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. बाबा त्याच्यासमोर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि घाई न करता म्हणाले, "मी येत नाही."

दादाने पाणी गिळलं. तोंड उघडलं, आणि आता त्यातून किती काय काय बाहेर पडणार म्हणून ताई मनाची तयारी करून बसल्या. पण तो एवढंच म्हणाला, "का?"

आणि बाबा उत्तर जुळवतायत हे बघून त्याने आपणहून पेला पुन्हा तोंडाला लावला.